गॅसवरच्या गाडीत पी०१७१ कोड पुसला तरी परत परत येतोय? आधी पेट्रोलचे आकडे बघा

मित्रांनो, हे जरा लांब होणार आहे, पण ज्यांच्या गाडीत बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे आणि चेक इंजिनचा दिवा दर चार-आठ दिवसांनी पेटतोय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. माझे यात सात महिने गेले, आणि त्यातले पाच महिने मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

गाडी २०१४ ची, बीएस४, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. गॅस किट नंतर बसवलेलं, आरसी बुकावर नोंद आहे सगळं आहे. दर शनिवारी पुण्याहून वाईला जाणं असतं. त्रास असा की सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची, गॅसवरून पेट्रोलवर टाकली की एकदम जड व्हायची आणि मागे पेट्रोलचा वास यायचा, पेट्रोलचं ॲव्हरेज १८ वरून १३ वर आलेलं, आणि खंबाटकीच्या जुन्या घाटात वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये गॅसवर दमच निघायचा नाही. कोड कायम एकच, पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन आहे, हवा जास्त आणि इंधन कमी. गॅरेजवाला स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा, मी खूश होऊन घरी यायचो, आणि पुढच्या शनिवारी दिवा परत हजर.

आता कोड पुसल्यावर गाडी चार दिवस बरी का चालते ते आधी समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. गाडीचा मूळ कॉम्प्युटर, म्हणजे पेट्रोलचा ईसीयू, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत असतो. हा सेन्सर साधा असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये वरखाली करतो, ०.४५ च्या वर म्हणजे रिच, इंधन जास्त, खाली म्हणजे लीन. त्यावरून ईसीयू इंधन कमीजास्त करतो आणि ती दुरुस्ती दोन खात्यांत लिहितो, एक शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम जी सेकंदासेकंदाला हलते, आणि दुसरी लाँग टर्म जी हळूहळू शिकून लक्षात ठेवली जाते. अधिक आकडा म्हणजे ईसीयू जास्त इंधन घालतोय, उणे म्हणजे कापतोय. लाँग टर्म वाढत वाढत २०-२५ टक्क्यांच्या पलीकडे गेली आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत तसंच दिसलं की तो हात टेकतो आणि दिवा लावतो. कोड पुसला की हे शिकलेलं खातंही शून्य होतं, बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत तेच होतं. मग ईसीयू नव्याने शिकायला लागतो आणि त्याला हात टेकायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे तुम्ही दुरुस्ती काहीच केलेली नसते आणि वर पुरावाही पुसलेला असतो. म्हणून कळकळीने सांगतो, ट्रिमचे आकडे कागदावर लिहिल्याशिवाय कोड कुणालाही पुसू देऊ नका.

आकडे बघायला महाग काही लागत नाही, ब्लूटूथचा ईएलएम३२७ ॲडॉप्टर आणि मोबाईलवर एखादं ॲप पुरतं. फक्त अगदी स्वस्तातले नकली ॲडॉप्टर डेटा फार हळू देतात, तिथे शॉर्ट टर्म उड्या मारताना दिसली तर लगेच घाबरू नका. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना एकदा, २५०० आरपीएम धरून एकदा असे शॉर्ट आणि लाँग दोन्ही आकडे घ्या, बेरीज करा. माझी बेरीज पेट्रोलवर आयडलला २२ टक्के आणि २५०० ला ७ टक्के आली, दोन्ही अधिक.

इथे माझी मोठी चूक झाली. इंटरनेटवर जिकडे बघाल तिकडे हेच लिहिलेलं की आयडलला ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी म्हणजे व्हॅक्यूम लीक, मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपाला, कुठूनतरी चोरटी हवा जातेय. मी दोन महिने पाइप बदलत बसलो, पीसीव्हीचा पाइप बदलला, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट बदललं, आकडा हलला नाही. नंतर कळलं की तो नियम एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवाल्या गाड्यांचा, जिथे हवा फिल्टरजवळच मोजली जाते आणि पुढे घुसलेली हवा मोजणीतून सुटते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफ नसतोच, तिथे एमएपी सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो. चोरटी हवा आली की मॅनिफोल्डचा दाबही वाढतो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीयू त्या हिशोबाने इंधन घालतो. अशा गाडीत व्हॅक्यूम लीकने आयडल चढतं, ८०० ची गाडी ११००-१२०० वर उभी राहते, पण ट्रिम २२ होत नाही. एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी लीक असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी तुमच्या गाडीत एमएएफ आहे का एमएपी ते बघा आणि मगच कुणाचा सल्ला ऐका, माझाही.

वाट दाखवली ती प्लगांनी. तिन्ही प्लग काढले तर तोंडं काळीकुट्ट, काजळी बोटाला लागत होती. म्हणजे कोड म्हणतोय लीन आणि प्लग म्हणताहेत रिच. दोन्ही खरं असेल तर एकच अर्थ निघतो, इंजिनात इंधन भरपूर जातंय पण सेन्सरला हवा जास्त दिसतेय, सेन्सर फसतोय, आणि त्याच्या सांगण्यावरून ईसीयू अजून अजून पेट्रोल ओततोय. पेट्रोलचा वास, पडलेलं ॲव्हरेज, सगळं इथे जुळलं.

सेन्सर फसण्याची कारणं तीनच धरा. सेन्सर म्हातारा झालाय, किंवा मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही (जळालं नाही की त्यातला ऑक्सिजन तसाच पुढे जातो आणि सेन्सरला तो लीनच वाटतो, पेट्रोल किती का जाईना), किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठेतरी फट आहे. मला तिसरं सुचलंच नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधले एक काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्य डिझेल इंजिनावर गेलं, ईसीयू वगैरे त्यांच्या वेळी नव्हतंच. सकाळी थंड गाडी स्टार्ट केली तेव्हा ते बाजूला उभे होते, म्हणाले, "अरे तो मोबाईल ठेव आधी खाली आणि ऐक." मी ऐकलं, मला काही कळेना. "टिक-टिक येतंय बघ. व्हॉल्व्हचा आवाज नाही हा, फुसका आहे. गरम झाली की जाईल." आणि खरंच पाचेक मिनिटांत आवाज गेला, लोखंड तापून फुगलं आणि फट आवाज न येण्याइतकी बारीक झाली, पूर्ण मिटली नाही. गार झाल्यावर हीट शील्ड काढलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका गॅस बाहेर नेणारा पाइप) आणि इंजिनाच्या हेडच्या मधल्या गॅस्केटला, तिसऱ्या सिलिंडरपाशी, काळा पंखा उघडावा तसा काजळीचा डाग पडलेला. खात्री करायला आम्ही घरचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून सायलेन्सरच्या तोंडातून हवा सोडली (इंजिन पूर्ण गार असतानाच करा हे) आणि जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. डागाच्या बरोबर वरच्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, मोहरीएवढे, एकामागून एक.

बाहेर गॅस फेकणारी फट आत हवा कशी घेते हा प्रश्न मलाही पडला होता. एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, ठोके असतात. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि तेवढ्यात फट हवा ओढते. आयडलला ठोके लांब लांब आणि एकूण गॅस कमी, म्हणून तेवढीशी हवाही सेन्सरला मोठी वाटते, रेस केली की गॅसचा लोंढा वाढतो आणि ती हवा त्यात हरवते. म्हणून आयडलला २२ आणि २५०० ला ७, दिसायला अगदी व्हॅक्यूम लीकसारखं.

गॅस्केट बदललं, मॅनिफोल्ड एकदा पट्टी लावून सपाट आहे का बघून घेतलं, आणि यावेळी आकडे लिहून ठेवून कोड पुसला. आणि महत्त्वाचं म्हणजे नंतर आठवडाभर गाडी फक्त पेट्रोलवर चालवली, गॅस बंद. आयडलची बेरीज ५ वर आली आणि २५०० ला ४, आणि तिथेच थांबली. हे ४-५ मला आधी खटकत होते पण त्याला कारण आहे. नुसत्या पेट्रोलला एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, त्यामुळे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं गुणोत्तर १३.५ च्या आसपास येतं. तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. जुनी बीएस४ गाडी त्याआधीच्या पेट्रोलवर सेट केलेली आहे, तिने ई२० वर चार ते आठ टक्के अधिक दाखवले तर तो बिघाड नाही, ती ईसीयू आपलं काम करतोय याची खूण आहे. उगाच सेन्सर बदलून पैसे घालवू नका.

आता गॅस. बऱ्याच जणांना वाटतं गॅसचा कॉम्प्युटर वेगळा आहे म्हणजे तो आपलं आपण बघतो. तसं नाहीये. सिक्वेन्शियल किटमध्ये मालक पेट्रोलचाच ईसीयू असतो. तो नेहमीप्रमाणे हिशोब करून पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते सांगतो, गॅसचा ईसीयू तो सिग्नल मधेच पकडतो, पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवतो, आणि त्या वेळेला एका गुणकाने गुणून गॅसचे इंजेक्टर उघडतो. गुणक आरपीएम आणि लोडप्रमाणे एका तक्त्यात असतात, तोच मॅप. आणि ऑक्सिजन सेन्सर अजूनही पेट्रोलच्या ईसीयूलाच सांगतोय. म्हणजे गॅसचा मॅप कमी पडला तर पेट्रोलचा ईसीयू समजतो की आपलंच पेट्रोल कमी पडतंय, तो लाँग टर्म चढवत जातो, आणि तुम्ही संध्याकाळी पेट्रोलवर टाकता तेव्हा तीच चढवलेली ट्रिम पेट्रोलला लागते आणि गाडी रिच होऊन जड चालते. एकाची चूक दुसरा शिकतो. म्हणूनच पेट्रोल आधी नीट करायचं आणि मग गॅसला हात लावायचा, उलट केलं तर बिघडलेल्या फूटपट्टीने मापल्यासारखं होतं.

पेट्रोल स्थिर झाल्यावर मी गॅस चालू केला, ४० किलोमीटर गेलो, आयडलला ट्रिम ६ पण घाटात चढताना १७ पर्यंत गेली. किटवाल्याकडे गेलो, त्याने लॅपटॉप लावून ऑटो कॅलिब्रेशन मारलं, जे गाडी उभी असताना आयडलच्या आसपासच होतं, आणि "झालं" म्हणाला. आयडलला काही तक्रार नव्हतीच! लोडवरचं काम उभ्या गाडीत होत नाही. मग केबल आणि सॉफ्टवेअरची सोय करून मीच बसलो, भाऊ गाडी चालवायला आणि मी लॅपटॉप घेऊन बाजूच्या सीटवर. (एकट्याने चालवत लॅपटॉप बघू नका, कृपा करून.)

पद्धत सोपी आहे पण संयम लागतो. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तेवढाच एमएपीचा दाब आणि तेवढेच आरपीएम धरून आधी पेट्रोलवर इंजेक्टरची वेळ लिहायची आणि मग गॅसवर पेट्रोल इंजेक्टरची तीच वेळ बघायची. गॅसचा मॅप बरोबर असेल तर दोन्हीकडे आकडा सारखा, कारण पेट्रोलच्या ईसीयूला इंधन बदललंय हे कळायलाच नको. माझ्याकडे गरम आयडलला पेट्रोलवर २.८ मिलिसेकंद आणि गॅसवर २.९, ठीक. पण तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला ८० केपीएच्या दाबावर पेट्रोलवर ७.१ आणि गॅसवर ८.२. तिथे गॅस कमी पडतोय, तिथला गुणक वाढवायचा, दोन-तीन टक्क्यांच्या पायरीने, प्रत्येक पायरीनंतर पाचेक मिनिटं चालवून परत बघायचं. एका दमात दहा टक्के वाढवून काय झालं ते समजत नाही.

पण माझ्याकडे गुणक वाढवत गेलो तरी वरच्या आरपीएमला फरकच पडेना. तेव्हा साधा हिशोब केला. चार स्ट्रोकचं एक चक्र म्हणजे दोन फेरे, ६००० आरपीएमला त्याला फक्त २० मिलिसेकंद मिळतात, ५००० ला २४. लॉगमध्ये गॅस इंजेक्टरची वेळ ५००० च्या पुढे २३ च्या वर जात होती, म्हणजे इंजेक्टर जवळजवळ बंदच होत नव्हता, मग गुणक कितीही लिहा, वेळच शिल्लक नाही. म्हणजे नोझल, ज्या तोंडातून इंजेक्टर गॅस सोडतो ते, लहान. गॅसच्या टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपातला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवलं आणि मग नोझल काढले. ड्रिल बिटच्या मागच्या गोल दांड्याने मापले तर दोघांत २ मिमीचा बिट सरळ गेला आणि तिसऱ्यात १.८ चाच जेमतेम जातोय. म्हणजे बसवताना दोन मोठे केलेले आणि एक तसाच राहिलेला. ऑक्सिजन सेन्सर तिन्ही सिलिंडरची सरासरी बघतो, एक उपाशी आणि दोन भरलेले असले तरी सरासरी बरी दिसते, म्हणून आयडलची ट्रिम ६ होती आणि तरी गाडी गॅसवर थरथरत होती. तिन्ही २.१ चे सारखे करून घेतले, फिटरला समोर उभं राहून प्रत्येकात बिट घालून दाखवायला लावलं. परत जोडल्यावर प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी, हे कधीही चुकवायचं नाही. आणि २०० बारची बाजू, म्हणजे गॅसच्या टाकीपासून रिड्यूसरपर्यंतचा (गॅसचा दाब कमी करणारा भाग) पाइप, तिला घरी पाना लावायचाच नाही, ते काम अधिकृत माणसाचं.

नोझल मोठे झाले की आधीचा सगळा मॅप रिच होतो, त्यामुळे ऑटो कॅलिब्रेशन परत करायचं आणि मग लोडचं काम पहिल्यापासून. मला दोन रविवार लागले.

एक धोक्याची जागा सांगतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की बहुतेक गाड्यांत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि ठरलेलं जास्तीचं इंधन घालतो, तिथे ट्रिम बघून काहीच कळत नाही. साधा सेन्सर ०.८५ व्होल्टच्या वर चिकटून राहिला तर निदान लीन नाही एवढं समजतं, नेमका आकडा हवा असेल तर वाइडबँड, म्हणजे हवा-इंधनाचं गुणोत्तर आकड्यात दाखवणारा सेन्सर, लावणारा ट्यूनर गाठा. गॅसवर घाटात लीन पळवत राहिलात तर उष्णता व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटवर निघते, आणि तो खर्च हेड उतरवण्याचा आहे. पिकअपबद्दल एक, मिथेन वायू असल्याने स्वतःच साधारण साडेनऊ टक्के जागा घेतो, तेवढी हवा आत कमी जाते, त्यामुळे गॅसवर १० टक्क्यांच्या आसपास ताकद कमी राहणारच, ती मॅपमध्ये शोधत बसू नका.

प्लगही बघा. गॅस पेटवायला स्पार्कला व्होल्टेज जास्त लागतं, माझ्या प्लगची गॅप झिजून १.३ मिमी झाली होती, नवे टाकून ०.८ ठेवली तेव्हा चढावरचं बारीक मिसिंग गेलं. मिसिंग असताना मॅप लावला असता तर सेन्सरने परत खोटं लीन दाखवलं असतं आणि मी परत गॅस वाढवत बसलो असतो.

आज पेट्रोलवर ५ आणि ४, गॅसवर आयडलला ४, घाटात ३, दिवा पेटलेला नाही, पेट्रोलचं ॲव्हरेज १७ वर आलंय. मधे १२,००० किलोमीटरनंतर घाटातला आकडा ३ वरून ९ झाला, तेव्हा मॅपला हात न लावता आधी गॅसचा फिल्टर उघडला, आत कंप्रेसरच्या तेलाचा काळा चिकट थर होता, फिल्टर बदलला आणि आकडा परत ३. टाकी संपत आल्यावरच ट्रिम चढत असेल तर रिड्यूसरला खालच्या दाबावर गॅस पुरवता येत नाहीये, तिथेही मॅप बदलू नका, रिड्यूसर दाखवा.

तुमच्या गाडीबद्दल विचारायचं असेल तर एवढं लिहा, एमएएफ का एमएपी, पेट्रोलवर आयडल आणि २५०० ला शॉर्ट आणि लाँगचे आकडे, गॅसवर तेच, प्लगांचा रंग, आणि सकाळी थंड असताना बॉनेट उघडून काय ऐकू येतंय ते.